परसदारच्या चुलीवर छप्पर घालताना

अलीकडे घरांच्या आराखड्यांत ‘आउटडोअर किचन’ नावाची एक चौकट हमखास दिसू लागली आहे. मुळशी, कर्जत, अलिबाग या भागांतल्या शेतघरांत ती आधी आली. आता निवृत्तीनंतर गावी परतू पाहणाऱ्यांच्या घरांच्या नकाशांतही तिने ठाण मांडले आहे. घरामागे थोडी हिरवळ, तिला लागून काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यात बसवलेली बार्बेक्यूची शेगडी, समोर चार उंच स्टुले आणि वर लाकडी पट्ट्यांचा पर्गोला, म्हणजे ज्यातून ऊन चाळून येते आणि पाऊस न चाळता येतो असे छत. असाच एक आराखडा आमच्याही हाती आला. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच घरात राहतो, आणि दक्षिण कोकणातल्या वडिलोपार्जित जागेत एक लहानसे घर बांधायला काढले आहे. घराबाहेर, पण छपराखाली, स्वयंपाकाची एक जागा असावी यावर आमचे एकमत आहे. ती कशी असावी यावर मात्र गेले काही महिने घरात आणि प्राध्यापक-कक्षात पुष्कळ वाद झाले. त्या वादातून आमचे जे मत बनत गेले, ते येथे मांडत आहोत.

ते थोडक्यात असे. कोकणातल्या जुन्या मागील पडवीने पावसाचा प्रश्न सोडवला होता. धुराचा सोडवला नव्हता. आणि माणसांच्या बाबतीत तर तिने प्रश्न निर्माणच केला होता. नवा आराखडा पावसाचे जुने उत्तर विसरतो, धुराचा विचार करत नाही, आणि माणसांचा तो जुना प्रश्न नव्या सिमेंटात पुन्हा बांधून देतो. म्हणून छपराखालच्या या चुलीचा विचार हा केवळ हौसेचा किंवा सजावटीचा विषय आहे, असे आम्हांला वाटत नाही.

आम्ही भाषेची माणसे; नकाशा वाचण्याआधी त्यावरचे शब्द वाचतो. मराठीत या जागेसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. परस, परसू, परसदार, मागीलदार, पडवी, न्हाणी, खोप, मांगर. छपराच्या एकेका भागाला नाव आहे: आढे, पाखे, वासे, रिपा, वळचण. वळचणीवरून गळणाऱ्या धारांनाही पागोळ्या असे स्वतंत्र नाव आहे, कारण जिथे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो तिथे छताच्या कडेवरून पडणारे पाणी हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. चुलीचे तर विचारूच नये. वेगळी चूल मांडली की घर फुटले. चूलबंद आमंत्रण आले की त्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. आणि घरोघरी मातीच्या चुली असतातच. एकत्र कुटुंब, त्याची वाटणी, गावजेवण या सगळ्यांची मोजणी आमची भाषा चुलीवरूनच करत आली.

पण याच शब्दसंग्रहात ‘परसाकडे जाणे’ हाही वाक्प्रचार आहे. वर्गात तो आला की हशा पिकतो आणि आम्हीही हसून पुढे जातो. तो क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. ज्या दिशेचे नाव घेतले की शौचाला जाणे सभ्यपणे सांगता येई, त्याच दिशेला घरातली दुसरी चूल होती, भांडी घासण्याची जागा होती, लाकडांची खोप होती, आणि महिन्याचे चार दिवस ‘बाहेरची’ झालेली बाईही होती. पुढच्या अंगणाला रांगोळी, तुळशीवृंदावन, पाहुणे. मागच्या अंगणाला राख, खरकटे, धूर. घराला तोंड आणि पाठ असते हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की पाठीमागे नेमके कोणाला उभे केले आहे, हे विचारायचे राहून जाते.

मराठी ललित लेखनाने या परसावर फार माया केली. शहरात स्थिरावलेल्या लेखकाला आजोळ आठवते, तेव्हा त्यात परस असतो, फणस असतो, आणि कौलांतून संथपणे वर चढणारा धूरही असतो. या लेखनातला धूर नेहमी लांबून दिसतो. तो कौलांच्या वर असतो. कौलांच्या खाली तो कसा दिसतो, हे क्वचितच लिहिले गेले. चुलीपुढे प्रत्यक्ष बसलेल्या बाईने रचले, तेव्हा चित्र निराळे झाले. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यात न पेटणाऱ्या, नुसत्याच धुपणाऱ्या चुलीला केलेली खरमरीत बोलणी आहेत. तिथे धूर संथ नाही आणि सुंदर तर मुळीच नाही. चुलीवरचे वाङ्मय शिकवताना हे दोन धूर वेगळे करून दाखवले पाहिजेत, असे आम्हांला अलीकडे फार वाटू लागले आहे. हमरस्त्यांवर ‘चुलीवरचे मटण’ आणि ‘चुलीवरची मिसळ’ अशा ज्या पाट्या लागल्या आहेत, त्या पहिल्या धुराच्या जिवावर चालतात. त्या पाटीमागे चूल फुंकणारी बाई दुसऱ्या धुरात बसलेली असते.

आता पडवीला तिचे श्रेय देऊ. कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. नैऋत्येचा वारा त्याला तिरपे करून आत घुसवतो. जुन्या सुताराने याचे गणित कागदावर मांडले नव्हते, पण ते त्याच्या हातात होते. आम्ही कागदावर मांडून पाहिले. समजा, छपराची कड जमिनीपासून सात फुटांवर आहे आणि ओटा तीन फूट उंच आहे. पाऊस पंचेचाळीस अंशांत आला, तर तो ओट्याच्या पातळीवर कडेपासून चार फूट आत येतो आणि जमिनीवर सात फूट. म्हणजे कडेच्या खाली ओटा ठेवला तर विस्तव तर विझेलच, पण पिठाचा डबाही भिजेल. जुनी वळचण डोके आपटेल इतकी खाली असे आणि चूल घराच्या भिंतीला लागून, पडवीच्या आतल्या अंगाला असे, याचे कारण हे आहे. वाकून आत शिरावे लागे, त्यात नम्रतेचा भाग काही नव्हता. शिवाय मृगाच्या आधी पश्चिमेच्या अंगाला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले जात आणि दिवाळीच्या सुमारास ते सुटत. आम्हांला दाखवलेल्या नकाशात ओटा छताच्या बरोबर बाहेरच्या कडेला आहे, कारण तिथून बाग चांगली दिसते. ज्या प्रदेशासाठी हे चित्र मुळात काढले गेले, तिथे उन्हाळ्याच्या कोरड्या संध्याकाळी लोक अंगणात मांस भाजतात. ते त्यांच्या जागी योग्यच आहे. आमच्याकडे मात्र ज्या चार महिन्यांत झाकलेल्या बाहेरच्या चुलीची खरी गरज, त्याच चार महिन्यांत हा ओटा वापराबाहेर राहील.

पडवीत काय काय शिजे, हेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण कोकणात उकड्या तांदळाचे भात उकडायचे ते मोठ्या तांब्याच्या भांड्यात, तासन्‌तास, बाहेरच्या चुलीवर. आंघोळीचे पाणी तिथेच तापे. फणसाचा रस आटवणे तिथे, लग्नकार्याची चुलाणे तिथे. काजू भाजणे तर बाहेरच शक्य होते. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते, त्याचा धूरही झोंबतो, आणि ते तेल एकाएकी भडकते. सुकी मासळी भाजायची तीही बाहेर, वासासाठी. आणि जिथे घरात मांसाहार निषिद्ध होता अशा कित्येक घरांत मुलांच्या हट्टापायी आणलेली अंडी याच मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात शिजत. म्हणजे बाहेरची चूल ही एकाच कारणाने बाहेर नव्हती. उष्णता, वेळ, ज्वाला, वास ही कारणे तिथे होती. त्यांना लागूनच सोवळेओवळे होते. पहिली कारणे आजही खरी आहेत. छपराखाली बाहेर चूल असावी असे आम्हांला वाटते, ते त्यांच्यामुळेच. शेवटच्या कारणाविषयी पुढे बोलू.

धुराच्या बाबतीत मात्र पडवीकडे उत्तर नव्हते. धूर कौलांच्या फटींतून वाट काढी, ती काढेपर्यंत खालीच घुटमळे. याचा बचाव आम्ही प्राध्यापक-कक्षात पुष्कळदा ऐकला आहे: धुराने वाशांना भुंगा लागत नाही, माळ्यावरचे बियाणे टिकते, टांगलेली मासळी वाळते. हे सारे खरेच आहे. पण माळ्याला धूर हवा असेल तर तो माळ्याला द्यावा. वाटेत माणसाच्या डोळ्यांतून आणि छातीतून नेण्याचे कारण नाही. घरातल्या धुराने होणाऱ्या आजारांपायी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या आजारांत श्वासाचे आहेत तसेच हृदयाचे आणि पक्षाघाताचेही आहेत. आमच्या दोघांच्याही आज्यांचे डोळे उतारवयात सतत पाझरत असत, आणि घरात त्याला ‘वयोमान’ म्हणत.

या प्रश्नावर कोणी विचारच केला नाही, असे मात्र नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रयोगांतून १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ निघाली: मातीची, एकाहून अधिक भांडी एकाच जाळावर बसवणारी, धुराडे असलेली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर एक पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम घेतला. लाखोंनी चुली बसल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा मोडल्या. धुराडी काजळीने तुंबली, तोंडे घरच्या भांड्यांना जुळेनात, आणि उद्दिष्टाचे आकडे पुरे झाल्यावर दुरुस्तीला कोणी आले नाही. या साऱ्या इतिहासात आम्हांला एक गोष्ट खटकते. चूल शोधणारा, चूल मंजूर करणारा आणि चूल मोजणारा यांच्यापैकी तिच्यापुढे रोज बसणारे फार थोडे होते. पुढे २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचला, ही मोठीच गोष्ट झाली. पण सिलिंडर घरात येतो म्हणून चूल घरातून जात नाही. आमच्याच वाडीत चहा आणि भाजी गॅसवर होते. पाणी, भात, गुरांचे आंबोण चुलीवर होते. नव्या सिलिंडरचे पैसे मोजावे लागतात, वाळलेल्या झावळ्या परसात फुकट पडलेल्या असतात. म्हणून चूल संपली असे मानून नकाशा काढणे हे चूल रम्य आहे असे मानून नकाशा काढण्याइतकेच अपुरे आहे.

आता माणसांविषयी. एका सहकाऱ्याने आम्हांला ऐकवले, ‘स्वयंपाकाच्या ओट्याचा विषय आहे, त्यात जात कशाला आणता?’ आम्ही ती आणत नाही; ती त्या पडवीत आधीपासून बसलेली आहे. मजुराला जेवण मागील दारी वाढले जाई. त्याची कपबशी वेगळी, ती वळचणीत खोचलेली असे. चहा पिऊन ती त्यानेच विसळून परत खोचायची. पाणी वरून ओतायचे. पागोळ्यांची रेषा ही कित्येक घरांत आतल्या आणि बाहेरच्या माणसांची सीमाही होती. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले. रत्नागिरीकडच्या खेड्यातली, आईने विणलेली बांबूची आयदाने घरोघर पोचवायला जाणारी मुलगी त्यात आहे, आणि तिला त्या घरांच्या उंबऱ्याबाहेर मिळणारी वागणूकही आहे. ललित निबंधातला परस आणि ‘आयदान’मधला दरवाजा हे एकाच कोकणातले आहेत, बहुधा एकाच तालुक्यातले. आम्ही अभ्यासक्रमात ते दोन वेगळ्या पेपरांना लावतो आणि त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ते घर कधी एक होत नाही.

बाईची गोष्ट याहून आतली आहे. ‘कावळा शिवला’ की तिला स्वयंपाकघराची बंदी, मागची पडवी मोकळी. आणि उरलेले दिवस उलट, पुढच्या ओटीची बंदी, स्वयंपाकघर मोकळे. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) वाचताना वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी सारे घर कसे वेठीला धरले गेले होते ते लक्ष्मीबाई टिळक हसत हसत सांगतात; वाचकही हसतो, आणि मग लक्षात येते की त्या हास्याखाली घरातल्या बायकांची दमणूक आहे. ही सगळी व्यवस्था दगडमातीच्या रचनेत उतरलेली होती. दरवाजा कुठे, पायरी किती उंच, विहिरीकडे जाणारी वाट कोणत्या अंगाने, हे सारे आधी ठरलेले असल्यामुळे रोज उठून कोणाला ‘तू इथे थांब’ असे सांगावे लागत नसे. भिंतच ते सांगे.

आमच्या हाती आलेल्या नव्या आराखड्यात काय आहे? स्वयंपाकाच्या जागेपर्यंत घराला वळसा घालून जाणारी अडीच फुटांची एक वाट आहे. तिच्यावर ‘सर्व्हिस एन्ट्री’ असे लिहिले आहे. कामाला येणाऱ्या मावशींनी या वाटेने यावे आणि याच वाटेने जावे, घरात पाऊल न टाकता. भांडी घासायची जागा ‘युटिलिटी’ या नावाने चार फुटांचा चौकोन होऊन छताच्या बाहेर बसली आहे. ओट्यावर छत, स्टुलांवर छत, शेगडीवर छत; भांडी घासणाऱ्या बाईच्या डोक्यावर मात्र आभाळ. ज्या तरुण वास्तुरचनाकाराने हे काढले तो सालस आहे, वाचणारा आहे, आणि जातपात मानत नाही. त्याला आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सगळीकडे असेच असते.’ ते खरेच होते. रचना बदलली नाही तर आपले विचार बदलल्याचा तिला पत्ताही लागत नाही.

आणखी एक गंमत त्या नकाशात होती. ओट्याची उंची छत्तीस इंच. हे माप अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांचे आहे. पाच फूट उंचीच्या बाईने त्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या तर तिला खांदे उचलून लाटाव्या लागतील; अर्ध्या तासात मान धरेल. कोपराच्या चार-पाच बोटे खाली ओटा असावा, हे कोणत्याही घरात उभे राहून समजण्यासारखे आहे. म्हणजे नकाशातली व्यक्ती एकतर उंच पुरुष आहे किंवा ती पोळ्या लाटत नाही. आमच्या मते ती दोन्ही आहे. रविवारी संध्याकाळी चिमटा हातात घेऊन दोन तास उभे राहणारा, पाहुण्यांची वाहवा घेणारा आणि मग ‘युटिलिटी’कडे पाठ करणारा तो यजमान आहे. पुरुषाने चुलीपुढे उभे राहावे यात आम्हांला आनंदच आहे. पण त्याने सोमवारीही उभे राहावे.

या सगळ्यावरून आम्ही जे ठरवत गेलो ते असे. पहिला निर्णय जागेचा. स्वयंपाकाचा सोपा घराच्या पाठीमागे नको, पूर्वेच्या अंगाला हवा, पुढच्या पडवीला जोडून. नैऋत्येच्या पावसाला घरच आडवे येते, ही एक सोय. आणि पुढून येणारा माणूस, मग तो पाहुणा असो की नारळ पाडायला आलेला गडी, त्याच पडवीतून चुलीपाशी येतो, ही दुसरी. सर्व्हिस एन्ट्री काढून टाकली. यावर आमच्यात वाद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की स्वयंपाक करताना माणसाला थोडा आडोसा हवा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत दिवसभर कोण राहील? दुसरीचे उत्तर असे की आडोसा हवा तेव्हा घ्यायला आत स्वयंपाकघर आहेच. आडोशातून बाहेर यायची जागा कुठे आहे? या उत्तरावर वाद संपला. पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही.

पूर्वेची बाजू घेतली की धुराचे एक संकट समोर येते. समुद्र आमच्या जागेपासून फार दूर नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर घरापासून दूर जाईल. पण हिवाळ्यात रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नेमके तेव्हाच आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटते, आणि धूर घरात शिरतो. पावसाला सोयीची दिशा धुराला गैरसोयीची, अशी ही अडचण आहे. तिच्यावर धुराड्याशिवाय उपाय नाही. चुलीवर झाकणासारखी पत्र्याची टोपी, तिच्यातून सरळ वर जाणारी नळी, आणि नळीचे तोंड आढ्याच्या वर निदान दोन फूट. वळणे जितकी कमी तितका ओढा चांगला. काजळी काढायला खाली एक झडप हवी. झडपेपर्यंत हात पोचला नाही तर धुराडे साफ होत नाही आणि मग त्याचे नशीब त्या सरकारी धुराड्यांसारखे होते. याशिवाय आढ्याशी दोन्ही पाख्यांच्या मध्ये हातभर उंचीचे एक लहानसे दुसरे छप्पर घेतले आहे. गरम हवा त्या फटीतून निघून जाईल आणि पाऊस आत येणार नाही. छपराला कौलेच, पत्र्यावर पाऊस पडू लागला की शेजारी उभ्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही, आणि बोलणे ऐकू यावे हा तर या जागेचा अर्धा हेतू आहे.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगण्यासारख्या आहेत. जमीन खरबरीत दगडाची. गुळगुळीत ग्रॅनाइट ओल्या पायाखाली जीवघेणे ठरते. तिला दर पाच फुटांना एक इंचाचा उतार, आणि सांडपाणी केळी-अळवाकडे, जसे पूर्वापार जाई. गॅसचा सिलिंडर कपाटात कोंडायचा तर कपाटाला भोके खालच्या अंगाला हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर जमिनीलगत साचतो. वरच्या खिडकीचा त्याला उपयोग नाही. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून शेगडीच्या तीन बाजूंना वीतभर उंच चिऱ्याची कड. रात्री मांजरे आणि दिवसा माकडे येतात, म्हणून जाळीचे एक कपाट. दिवा पाठीमागे लावायचा नाही, नाहीतर आपलीच सावली भाजीवर पडते.

भांडी घासण्याची जागा आम्ही छपराच्या मध्यभागी घेतली आहे, चुलीच्या समोर, उभे राहून घासता येईल अशी. पाण्याचा नळ एकच. प्यायचे पाणी, भात धुण्याचे पाणी आणि कामावरच्या माणसाने तोंडावर मारायचे पाणी त्याच नळाला येईल. कामाला येणाऱ्या मावशींना आम्ही नकाशा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहून दोन सूचना केल्या. एक, बाहेरच्या माणसासाठी संडासाचे दार घरात न शिरता उघडेल असे ठेवा. दिवसभर काम करायचे आणि त्यासाठी घरी पळायचे, हे त्यांना नेहमीच जाचते. दुसरी, बसायला बाक करणार असाल तर तो भिंतीत बांधा, म्हणजे कोणाच्या येण्याने तो उचलून आत नेता येणार नाही. पहिली सूचना आमच्या ध्यानात यायला हवी होती असे कोणी म्हणेल. पण नकाशा आम्ही जिथून पाहत होतो तिथून ती दिसणारी नव्हती, आणि म्हणूनच नकाशा त्यांना दाखवला होता. दुसरी सूचना ऐकून आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. बाक आता चिऱ्यात बांधायचा ठरला आहे, दहा फूट लांब, चुलीच्या बाजूने.

उंचीचे अजून पक्के व्हायचे आहे. आमच्यापैकी एकाची उंची पाच फूट आठ इंच, दुसरीची पाच फूट एक इंच, मावशींची त्याहून दोन बोटे कमी. तूर्त बत्तीस आणि पस्तीस इंचांचे दोन ओटे, आणि विळी, पाटा-वरवंटा यांसाठी जमिनीलगत एक रुंद पायरी असा बेत आहे. गवंड्याचे म्हणणे, दोन उंचींचे ओटे दिसायला बरे दिसणार नाहीत. जोते मात्र तो पावसाआधी पुरे करून देणार आहे.